अमेरिकेत युनिव्हर्सिटीचं फॅमिली हाऊसिंग: अ‍ॅडमिशन आल्यापासून किल्ली हातात पडेपर्यंत

मार्च-एप्रिल आला की हा प्रश्न हमखास येतो. अ‍ॅडमिशन झालंय, बायको आणि मुलगी सोबत येणार आहेत (किंवा नवरा येणार आहे), कॅम्पसवर घर मिळेल का? आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं, आधी व्हिसा होऊ दे मग घराचं बघू. व्हिसा होतो जून-जुलैत, आणि तोपर्यंत फॅमिली अपार्टमेंटची वेटलिस्ट एवढी लांब झालेली असते की ऑगस्टचं घर डिसेंबरात मिळालं तरी नशीब म्हणायचं. म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो: घराचा फॉर्म व्हिसाच्या आधी भरायचा, तिकिटाच्या तर खूपच आधी. बहुतेक ठिकाणी नुसता अर्ज केल्याने तुम्ही बांधले जात नाही, बांधले जाता ते कॉन्ट्रॅक्टवर सही केल्यावर. मधल्या काळात व्हिसाचं काही झालं तर अर्ज मागे घेता येतो, फक्त कॅन्सलेशनच्या अटी आणि तारखा आधी वाचून ठेवा.

हे सगळं मी मुख्यतः मॅडिसनच्या युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिनच्या अनुभवावरून लिहितोय, तिथल्या ईगल हाइट्समध्ये आम्ही राहिलोय, पण बाकी ठिकाणची पद्धतही फार वेगळी नसते आणि जिथे आहे तिथे सांगतोच. सिंगल असाल तरी यातलं बरंच लागू पडेल.

आधी एक गोष्ट घरात बसून ठरवा

घर कोणासाठी घेताय? वाटतं की शिकायला जाणाऱ्यासाठी. पण जो शिकायला जातो तो सकाळी नऊला डिपार्टमेंटला जाणार, लॅबमध्ये बसणार, तिथे त्याला माणसं भेटणार, कॉफी मिळणार, रात्री आठला घरी येणार. दिवसभर त्या घरात राहणार आहे सोबत आलेलं माणूस. एफ-२ व्हिसावर (विद्यार्थ्याच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळतो तो) नोकरी करता येत नाही, शिकायचं तर डिग्रीला फक्त पार्ट टाइम, गाडी पहिल्या वर्षी बहुतेकांकडे नसते, आणि बाहेर नोव्हेंबरपासून बर्फ. इथे पुण्यात बँकेत किंवा आयटीत चांगली नोकरी करणारी बाई तिथे जाऊन चार भिंतीत अडकते आणि मग पहिली थंडी घरात फार जड जाते, हे मी अनेक घरांत बघितलंय. त्यामुळे घर निवडताना डिपार्टमेंट किती लांब हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा की घरी राहणाऱ्या माणसाचा मंगळवार दुपारचा तीन वाजताचा वेळ कसा जाणार. खाली उतरलं की दुसरं कोणी भेटेल का, बस मिळेल का, मुलाला खेळायला जागा आहे का, लायब्ररीत चालत जाता येईल का.

आणि इथेच कॅम्पसचं फॅमिली हाऊसिंग बाहेरच्या अपार्टमेंटपेक्षा खूप उजवं ठरतं, घरं जुनी असली तरी. ईगल हाइट्सचंच घ्या. पहिल्या इमारती १९५० च्या दशकाच्या शेवटी बांधलेल्या, दिसायला साध्या, पण मेंडोटा तलाव शेजारी, ८० नंबरची कॅम्पस बस फुकट, कम्युनिटी सेंटर आवारातच, आणि १९६२ पासून चालू असलेली कम्युनिटी गार्डन, जिथे उन्हाळ्यात प्लॉट घेऊन लोक भाजी लावतात. मे महिन्यात थंडी पूर्ण गेली की मेथी-कोथिंबीर टाका, एका बाजूला चिनी आजोबा काहीतरी लावत असतात, दुसऱ्या बाजूला कोरियन कुटुंब, आणि जुडी हातात घेऊन घरी येताना चार जणांशी बोलणं झालेलं असतं. भाड्याच्या तुलनेत ही गोष्ट कुठल्याच रकान्यात बसत नाही पण मी तिला भाड्याइतकंच महत्त्व देईन.

अशी घरं अमेरिकेत आली कुठून हेही माहीत असलेलं बरं. दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४४ च्या जीआय बिलाच्या (परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी मदत देणारा कायदा) पैशावर लाखो माजी सैनिक कॉलेजात आले, अनेकांची लग्नं झालेली, पोरं झालेली, आणि युनिव्हर्सिट्यांकडे होती ती फक्त पोरा-पोरींची वसतिगृहं. मॅडिसनला तर काही कुटुंबं बाराबूजवळच्या दारूगोळा कारखान्याच्या कामगार वसाहतीत, बॅजर व्हिलेजमध्ये ठेवली होती, ५५ किलोमीटरच्या आसपास लांब, आणि तिथून बसने कॉलेजला यायचे. त्यानंतर कायमची कुटुंबवस्ती बांधली गेली. बऱ्याच कॅम्पसवरची फॅमिली घरं त्या किंवा नंतरच्या एक-दोन दशकांतली आहेत, म्हणून ती लहान आहेत, जुनी आहेत आणि काही ठिकाणी आता पाडली जाताहेत. फ्लोरिडा युनिव्हर्सिटीने मॅग्वायर व्हिलेज आणि युनिव्हर्सिटी व्हिलेज साउथ २०२३ मध्ये बंद केली. म्हणजे चार वर्षांपूर्वी गेलेल्या सिनियरने सांगितलेली वस्ती आज असेलच असं नाही, हाऊसिंग ऑफिसच्या चालू वर्षाच्या यादीवरच विश्वास ठेवा.

तुमच्या युनिव्हर्सिटीची पद्धत कुठली ते शोधा

ढोबळमानाने दोन पद्धती. एक रांगेची. अर्ज केला की नाव यादीत, घर रिकामं झालं की पुढच्याला ऑफर, आणि प्राधान्यक्रम ठरलेला, साधारण मुलं असलेली कुटुंबं, ग्रॅज्युएट स्टुडंट (म्हणजे मास्टर्स-पीएचडीचे) वगैरे वरती, पण क्रम प्रत्येक ठिकाणी वेगळा. इथे अर्जाची तारीख म्हणजे सगळं काही. दुसरी लॉटरीची. स्टॅनफर्डला ग्रॅज्युएट हाऊसिंगची लॉटरी असते, तिथे अर्ज मुदतीच्या पहिल्या दिवशी भरला काय आणि शेवटच्या दिवशी भरला काय फरक नाही, पण डेडलाइन चुकली की मागे गेलात. तिथे पहिल्या वर्षाच्या ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांना वेळेत अर्ज केल्यास आणि मिळेल तिथे राहायची तयारी दाखवल्यास घर द्यायचं धोरण राहिलेलं आहे, कपल्स आणि मुलंवाल्यांसाठी एस्कोंडिडो व्हिलेज. एमआयटीला कुटुंबांसाठी वेस्टगेट. बर्कलीचं युनिव्हर्सिटी व्हिलेज चक्क शेजारच्या आल्बनी गावात आहे, कॅम्पसपासून ५ किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे 'ऑन-कॅम्पस' शब्दावर जाऊ नका, नकाशा उघडा.

तारखांचं गणित असं की फंडिंगच्या ऑफरला उत्तर द्यायची बहुतेक ग्रॅज्युएट स्कूल्सची तारीख १५ एप्रिल. तोपर्यंत तुम्ही दोन-तीन युनिव्हर्सिट्यांमध्ये घुटमळत असता. हरकत नाही, पण घुटमळतानाच तिन्हीकडच्या हाऊसिंगच्या तारखा एका कागदावर काढून ठेवा. ऑफर स्वीकारली की नेटआयडी मिळतो (नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं) आणि हाऊसिंग पोर्टल त्या लॉगिननेच उघडतं. नेटआयडी चालू झाला त्याच दिवशी अर्ज. पुढच्या वीकेंडला बघू असं म्हणू नका, रांगेच्या पद्धतीत त्या वीकेंडला तुमच्या पुढे बरेच जण लागतात.

पात्रता, आणि त्यात आपल्याकडचे खास प्रश्न

साधा नियम: फुल टाइम डिग्री प्रोग्रॅमला प्रवेश, आणि सोबत कायदेशीर जोडीदार किंवा डोमेस्टिक पार्टनर (लग्नाशिवाय एकत्र राहणारा जोडीदार) किंवा मुलं. बेडरूमप्रमाणे माणसांची मर्यादा असते, बहुतेक ठिकाणी एका बेडरूमला दोन माणसं हा हिशोब, तान्ह्या बाळाला कुठे सूट कुठे नाही. दोघं आणि एक मूल असेल तर एक बेडरूम चालेल का हे आधीच विचारा, कारण दोन बेडरूमच्या भाड्यात आणि रांगेतही फरक पडतो.

आता आपले प्रश्न. लग्न डिसेंबरात आहे, मुहूर्त काढलाय, हॉल बुक आहे, आणि सेमिस्टर ऑगस्टमध्ये सुरू. साखरपुड्यावर एफ-२ मिळत नाही आणि बहुतेक हाऊसिंग ऑफिसं साखरपुडा हा पुरावा धरत नाहीत. अशा वेळी ऑफिसला सरळ मेल करा की जोडीदार जानेवारीत येणार आहे, मी आत्तापासून फॅमिली अपार्टमेंटच्या यादीत राहू शकतो का, की आधी सिंगल घेऊन नंतर ट्रान्सफर मागू, आणि ट्रान्सफरला फी किंवा पुन्हा मागून रांग आहे का. काही ठिकाणी कुटुंब अमुक दिवसांत येईल असं लिहून दिलं की चालतं. ताकाला जाऊन भांडं लपवू नका, तिथली माणसं अशा मेलना रोज उत्तरं देतात.

दुसरा प्रश्न आई-बाबांचा. बाळंतपणाला आई येणार, बी-२ म्हणजे टूरिस्ट व्हिसावर सहसा सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, म्हणून घरचे धरून चालतात की सहा महिने राहील. पण हाऊसिंगची गेस्ट पॉलिसी वेगळीच असते, पाहुणा सलग किती दिवस आणि वर्षात एकूण किती दिवस राहू शकतो याची मर्यादा लीजमध्ये, म्हणजे भाडेकरारात, लिहिलेली असते. व्हिसा आणि लीज या दोन वेगळ्या गोष्टी. बऱ्याच ठिकाणी कारण सांगून लेखी परवानगीने मुदत वाढवून मिळते, बाळंतपण हे कारण समजून घेतात, पण परवानगी आई विमानात बसायच्या आधी घ्यायची. न सांगता ठेवलं आणि शेजाऱ्याने तक्रार केली तर लीज तोडल्याचा ठपका तुमच्यावर.

कागदपत्रं, म्हणजे मुंबई-पुण्यात असतानाच करायची कामं

लागतं काय तर पासपोर्ट, सगळ्यांचे आय-२० (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म, जोडीदार आणि मुलांचा वेगळा निघतो), विवाह नोंदणी प्रमाणपत्र, मुलाचा जन्मदाखला. यादी छोटी दिसते, घोळ नावात असतो.

लग्नाचे फोटो आणि पत्रिका कामाची नाही, महानगरपालिका किंवा रजिस्ट्रारकडचं नोंदणी प्रमाणपत्रच लागतं. लग्न होऊन तीन वर्षं झाली तरी नोंदणी केलेली नाही अशी जोडपी भरपूर आहेत, त्यांनी हे काम सगळ्यात आधी हातात घ्यावं, व्हिसालाही तेच लागणार आहे. आता प्रमाणपत्रावर बायकोचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आय-२० पासपोर्टप्रमाणे. आपल्याला यात काही विचित्र वाटत नाही पण तिकडच्या क्लार्कला ती दोन वेगळी माणसं वाटतात. फॉर्ममध्ये सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा, आणि अपलोड करताना कॉमेंटच्या रकान्यात एक ओळ टाका की लग्नाआधीचं नाव हे, नंतरचं हे. मधलं नाव फर्स्ट नेमच्या रकान्यात जोडायचं की नाही हेही पासपोर्ट बघूनच ठरवा, मनाने नको. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अमेरिकन कागदांवर नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) छापून येतं आणि ते भाडेकरारापासून बँकेपर्यंत पाठ सोडत नाही, म्हणून वेळ असेल तर पासपोर्टच दुरुस्त करून घ्या.

मुलाच्या जन्मदाखल्याचा एक खास घोळ. हॉस्पिटलमधून नोंद झाली तेव्हा बारसं झालेलं नसतं, त्यामुळे अनेक दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, फक्त आई-वडिलांचं. दाखला फाइलमध्ये नीट असतो म्हणून कोणी उघडून बघत नाही. आत्ता उठा आणि बघा. नाव नसेल तर जिथे नोंद झाली त्या पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत अर्ज देऊन घालून मिळतं, पण जन्म नाशिकला आणि तुम्ही ठाण्याला असाल तर एक खेप पडणारच. लसीकरणाचं कार्डही याच फेरीत बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत, तारखांसकट, सही-शिक्क्यासह लिहून घ्या. घरासाठी नाही तर शाळेसाठी आणि डे-केअरसाठी लागतं, आणि तिथे गेल्यावर गावाकडच्या डॉक्टरांना फोन करून तारखा मागवणं फार त्रासाचं.

सगळ्याचे स्वच्छ पीडीएफ करा. मोबाइलने काढलेला तिरका फोटो, कडेला टेबलक्लॉथ दिसतंय, असं पाठवू नका, परत मागतात आणि त्यात आठवडा जातो.

फॉर्म भरताना

प्राधान्याच्या रकान्यात लोक एकच वस्ती टाकतात कारण यूट्यूबवर तिचं किचन छान दिसतं. जेवढी चालतील तेवढी टाका, क्रम लावून. 'कुठलंही चालेल' अशी टिक असेल आणि खरंच चालणार असेल तर करा, तिने शक्यता बरीच वाढते. मात्र एक सावधगिरी, काही ठिकाणी ऑफर नाकारली की नाव यादीत खाली जातं किंवा निघूनच जातं, त्यामुळे जिथे राहायचंच नाही ते घर निव्वळ संख्या वाढवायला टाकू नका.

मूव्ह-इनची तारीख. पहिल्यांदा जाणाऱ्या एफ-१ (विद्यार्थी व्हिसावरच्या) विद्यार्थ्याला आय-२० वरच्या प्रोग्रॅम सुरू होण्याच्या तारखेआधी फार तर ३० दिवस देशात शिरता येतं. त्याच्या आधीची तारीख टाकून उपयोग नाही, भाडं मात्र चालू होईल. आणि खूप ताणून शेवटच्या दिवसाची टाकली तर घर आधी रिकामं होऊनही तुमच्या हातून जाईल. तारखेत एक-दोन आठवड्यांची लवचीकता दाखवता आली तर दाखवा.

फर्निश्ड की अनफर्निश्ड हा प्रश्न येतो, फॅमिली घरं बहुतेक अनफर्निश्ड असतात म्हणजे फ्रिज आणि शेगडी आहे, पलंग-टेबल काही नाही. घाबरू नका. मॅडिसनला तर ऑगस्टच्या मध्याला शहरातली असंख्य लीज एकाच वेळी संपतात आणि सुरू होतात, १४-१५ ऑगस्टला रस्त्याकडेला सोफे, टेबलं, दिवे, पुस्तकांची कपाटं काढून ठेवलेली असतात आणि लोक त्याला हिप्पी ख्रिसमसच म्हणतात. लाकडी टेबल-खुर्ची बिनधास्त उचला. गादी आणि कापडी सोफा मात्र नको, ढेकूण घरात आले तर फुकटचं फार महाग पडतं.

सिंगल लोकांना रूममेटची प्रश्नावली असते. त्यात खरं लिहा. रोज स्वयंपाक करणार का, मांसाहार चालतो का, उशिरा झोपता का. चांगलं दिसावं म्हणून सगळं चालतं असं लिहिलं की वर्षभर धुसफूस.

वेटलिस्टवर असताना

अर्ज केला आणि विसरलात असं होऊ देऊ नका. ऑफर ईमेलवर येते, बहुतेक वेळा युनिव्हर्सिटीच्या नव्या ईमेलवर, जो इथे बसून कोणी उघडत नाही. तो फोनमध्ये टाका, स्पॅम फोल्डर बघा. उत्तर द्यायला मुदत थोडी असते, काही ठिकाणी दोन-तीन दिवस. उन्हाळ्यात मॅडिसनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, म्हणजे तिकडून दुपारी चारला आलेला मेल इथे रात्री अडीचला पडतो, आणि शुक्रवारचा असेल तर तुमचा शनिवार-रविवार मुदतीत धरला जातो का हे त्याच मेलमध्ये लिहिलेलं असतं, नीट वाचा. दोघांच्याही फोनवर तो ईमेल ठेवा.

रोज मेल करून विचारू नका. एकदाच, पण नेमकं लिहा: अर्जाचा नंबर, कोण कोण येणार, मुलांची वयं, कधी पोचणार, आणि खरोखर काही विशेष असेल तर ते, म्हणजे बाळंतपण जवळ आहे, घरात कोणाला जिना चढता येत नाही, मूल शाळेत जाणारं आहे. वैद्यकीय किंवा अपंगत्वाच्या कारणासाठी वेगळी प्रक्रिया असते, तिचा फॉर्म मागून घ्या. परिस्थिती बदलली की पोर्टलमध्ये बदल करा, मूल जन्मल्याने प्राधान्यक्रम बदलू शकतो.

पैसे

अर्जाची फी आणि डिपॉझिट ऑनलाइन भरायचं असतं आणि कार्ड रिजेक्ट होतं. आपल्याकडची कार्डं आता देशाबाहेरच्या व्यवहारांसाठी मुळात बंदच येतात, २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन इंटरनॅशनल चालू करा आणि मर्यादा वाढवा. हे डेडलाइनच्या रात्री नाही, आठवडाभर आधी.

भाड्याची तुलना करताना नुसता आकडा बघू नका. समजा कॅम्पसचं घर महिना १,२०० डॉलर आणि बाहेरचं १,०५०. बाहेरच्यात वीज, हीटिंग, इंटरनेट, बसपास, पार्किंग वेगळं धरलं की ते वर जातं, आणि थंड राज्यात हीटिंग भाड्यात आहे की नाही या एका गोष्टीवर जानेवारीचा हिशोब फिरतो. हाऊसिंग ऑफिसला विचारायचा पहिला प्रश्न हाच: भाड्यात नेमकं काय काय येतं. शिवाय बाहेरचा घरमालक क्रेडिट हिस्टरी, सोशल सिक्युरिटी नंबर, नाहीतर अमेरिकेतला को-सायनर (तुमच्यासोबत सही करून हमी घेणारा) मागतो, जे नव्याने आलेल्या कोणाकडेच नसतं. युनिव्हर्सिटीला तुम्ही विद्यार्थी आहात एवढं सहसा पुरतं.

टीए किंवा आरए (शिकवण्याची किंवा संशोधनाची असिस्टंटशिप) मिळालेल्यांनी हे लक्षात ठेवा की पगार ऑगस्टच्या शेवटी काम सुरू झाल्यावर बऱ्याच ठिकाणी सप्टेंबर संपताना किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला हातात येतो. ऑगस्ट-सप्टेंबरचं भाडं, डिपॉझिट आणि सुरुवातीचा संसार घरच्या पैशातून निघायला हवा. आणि नऊ महिन्यांचा स्टायपेंड असेल पण लीज बारा महिन्यांचं, तर उन्हाळ्याचं भाडं कुठून येणार ते आधी मांडा. कुटुंब असलेल्यांना हा भाग सगळ्यात जास्त नडतो.

सही करायच्या आधी

लीज लांबलचक असतं पण दोघांनी मिळून एक संध्याकाळ काढून वाचा. बघायचं ते हे: मुदतीआधी सोडलं तर किती पैसे; उन्हाळ्यात भारतात गेलो तर सबलेट करता येतं का, म्हणजे तेवढ्यापुरतं दुसऱ्याला भाड्याने देता येतं का; डिग्री संपल्यावर किती दिवसांत घर सोडायचं (ओपीटीवर, म्हणजे डिग्रीनंतर एफ-१ वरच नोकरी करायच्या परवानगीवर, गेलात की हाऊसिंगच्या दृष्टीने तुम्ही विद्यार्थी राहत नाही, पात्रता संपू शकते, नोकरी त्याच गावात असली तरी); रेंटर्स इन्शुरन्स (भाडेकरूच्या सामानाचा विमा) सक्तीचा आहे का, नसला तरी घ्या, स्वस्त असतो. आणि जोडीदाराचं नाव लीजवर येतंय का. हे मी दोनदा लिहायला तयार आहे. नुसतं विद्यार्थ्याचं नाव असेल तर बायकोला लायब्ररी कार्ड, बँक खातं, स्टेट आयडी, मुलाच्या शाळेचा अर्ज, जिथे जिथे पत्त्याचा पुरावा लागतो तिथे अडतं. लीजवर सहीकर्ता म्हणून नसलं तरी राहणारी व्यक्ती म्हणून तिचं नाव छापून घ्या.

शाळेचंही इथेच बघा. पत्त्यावरून सरकारी शाळा ठरते, ईगल हाइट्सच्या मुलांना शोअरवूड हिल्स एलिमेंटरी येते, तिथे जगभरची पोरं असतात आणि इंग्रजी कच्चं असलेल्या मुलाला एकटं वाटत नाही. एफ-२ वरच्या मुलांना शाळेत पूर्णवेळ जाता येतं.

घर नाहीच मिळालं तर

यादीतून नाव काढू नका. बाहेर बारा महिन्यांचं लीज करून बसलात आणि ऑक्टोबरात कॅम्पसची ऑफर आली की दोन्हीकडून कात्रीत. त्यापेक्षा एका सेमिस्टरचं सबलेट शोधा, किंवा विद्यार्थ्याने आधी एकट्याने जाऊन रूम घ्यावी आणि घर मिळाल्यावर कुटुंब बोलवावं. जीव तुटतो पण दोन-तीन महिन्यांचा प्रश्न असतो.

सबलेट शोधताना फसवणूक भरपूर. मालक परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो, आज पैसे पाठवले नाहीत तर दुसऱ्याला देतो, भाडं आजूबाजूच्यापेक्षा बरंच कमी, यातलं एकही वाक्य ऐकलं की थांबा. लाइव्ह व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगा, युनिव्हर्सिटीच्या ईमेलवरून मेल मागा, तिथल्या कोणा भारतीय विद्यार्थ्याला प्रत्यक्ष जाऊन बघायला सांगा. झेलने (बँक खात्यातून लगेच पैसे पाठवायची तिकडची सोय) किंवा वायर ट्रान्सफरने गेलेले पैसे परत येणं जवळपास अशक्य.

पोचल्यावर

विमान शनिवारी रात्री पोचतं आणि हाऊसिंग ऑफिस सोमवारी उघडतं. तिकीट काढायच्या आधी चेक-इनच्या वेळा बघा, उशिरा किल्ली मिळायची सोय असते का विचारा, नसेल तर दोन रात्रींची सोय इंडियन स्टुडंट असोसिएशनकडे किंवा मराठी मंडळातल्या कोणाकडे होते का बघा, बहुतेक ठिकाणी माणसं आनंदाने करतात. पहिल्या रात्रीसाठी एक चादर, दोन पांघरुणं, छोटा कुकर आणि मुगाची डाळ-तांदूळ हाताशी येईल असं सामानात ठेवा.

किल्ली मिळाली की सामान उघडायच्या आधी घराचे फोटो काढा, भिंतीवरचे डाग, कार्पेटवरचं जळकं, ओव्हनची आतली बाजू, खिडकीच्या जाळ्या, आणि मूव्ह-इन कंडिशनचा फॉर्म मुदतीत भरून द्या, नाहीतर दोन वर्षांनी जाताना तेच डाग तुमच्या डिपॉझिटमधून वजा होतात. हीटर चालू करून बघा, ऑगस्ट असला तरी. फोडणी देताना एक्झॉस्ट चालू आणि खिडकी उघडी, स्मोक अलार्म मोहरी तडतडली की वाजतो आणि काही इमारतींत तो थेट फायर ब्रिगेडला जोडलेला असतो. त्याच्यावर पिशवी बांधून ठेवायचा सल्ला कोणीतरी देईल, अजिबात ऐकू नका, दंड तर आहेच पण घरात मूल झोपलेलं असतं.

नवा पत्ता युनिव्हर्सिटीच्या सिस्टिममध्ये दहा दिवसांच्या आत टाका, ही एफ-१ ची अट आहे, आणि नंतर कॅम्पसवरच घर बदललं तरी पुन्हा टाकायचा. पत्त्यात अपार्टमेंटचं अक्षर विसरू नका, एका इमारतीत आठ घरं असतील तर त्या एका अक्षरावाचून बँकेचं कार्ड परत जातं.

पहिल्याच आठवड्यात दोघांनी मिळून कम्युनिटी सेंटरला जा. इंग्रजी संभाषणाचे वर्ग, लहान मुलांचे प्लेग्रुप, शिवणकाम, गार्डन प्लॉटची नोंदणी, जे जे चालू असेल त्याचं वेळापत्रक घ्या आणि सोबत आलेल्या माणसाने त्यातल्या किमान एका गोष्टीला त्याच आठवड्यात नाव द्यावं, थंडी पडल्यावर पहिल्यांदा बाहेर पडायचं म्हटलं की होत नाही. मग वर्षाच्या मध्यावर पोर्टलवर रिन्यूअलचा मेल येईल, तो कधी येतो ते ऑफिसला आत्ताच विचारून कॅलेंडरवर टाका, कारण ती तारीख हुकली तर पुन्हा त्याच वेटलिस्टवर, सगळ्यात मागे.